घरगुती मेटल डिटेक्टरची कॉइल आणि तिची शिल्डिंग : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सातारा-सांगलीकडे घरी डिटेक्टर बनवणाऱ्यांची गरज बहुतेक वेळा साधी असते. उसाच्या फडात पडलेला दागिना शोधायचा असतो, मातीखाली गेलेलं व्हॉल्व्हचं झाकण सापडत नसतं, रोटाव्हेटरचं तुटलेलं पातं हुडकायचं असतं, नाहीतर वखारीत ओंडका करवतीवर चढवण्याआधी आतला खिळा बघायचा असतो. सर्किट तयार किटमध्ये मिळतं आणि ते सहसा पहिल्या फटक्यात चालतंही. अडतं ते कॉइलपाशी, म्हणजे तारेच्या गोल वेटोळ्यापाशी, आणि कॉइल जमली तर शिल्डपाशी, म्हणजे तिच्यावरच्या पातळ वाहक कवचापाशी. इथले प्रश्न तेवढ्यापुरतेच आहेत.

ही माहिती कोणत्या डिटेक्टरसाठी आहे?

पल्स इंडक्शन म्हणजे पीआय प्रकारासाठी. यात एकच कॉइल असते. मॉस्फेट नावाचा इलेक्ट्रॉनिक स्विच तिच्यात शे-दीडशे मायक्रोसेकंद करंट सोडतो आणि एकदम तोडतो. तोडल्यावर कॉइलवर काही शे व्होल्टचा झटका उठतो आणि काही मायक्रोसेकंदांत शमतो. जवळ धातू असेल तर त्यात गोल फिरणाऱ्या करंटमुळे (यालाच भोवरा-करंट म्हणतात) शमणाऱ्या व्होल्टेजची शेपटी किंचित लांबते. सर्किट तेवढीच शेपटी मोजतं. ५५५ टायमर, आयआरएफ ७४० मॉस्फेट आणि एक ऑपअँप (सिग्नल मोठा करणारी चिप) असलेली जी स्वस्त किटं मिळतात ती याच जातीची.

सगळी मेख त्या शेपटीत आहे. कॉइल, शिल्ड आणि केबल यांचा कपॅसिटन्स (विजेचा भार साठवून धरण्याची क्षमता) जितका जास्त, तितका झटका शमायला वेळ लागतो. छोट्या दागिन्याचा सिग्नल मात्र तोवर मरून गेलेला असतो. पुढे जिथे जिथे "कपॅसिटन्स कमी ठेवा" असं म्हटलंय, तिथे कारण हेच.

वेढे किती घ्यायचे?

बहुतेक पीआय सर्किटांना ३०० ते ४०० मायक्रोहेन्री इंडक्टन्सची कॉइल लागते (इंडक्टन्स म्हणजे करंट बदलताना कॉइल करते तो विरोध). मध्यावर, म्हणजे ३५० ला नेम धरा. तार अर्ध्या मिलिमीटरची आणि जुडी घट्ट बांधलेली असेल, तर हिशेब साधारण असा बसतो: १५ सें.मी. व्यासाला ३० वेढे, २० सें.मी.ला २५, २५ सें.मी.ला २२, आणि ३० सें.मी.ला १९ ते २०. यापेक्षा मोठी कॉइल हातात धरून फिरवायला जड होते आणि बारीक वस्तूला आंधळीही होते.

इंडक्टन्स वेढ्यांच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. २२ ऐवजी २४ वेढे पडले तर ३५० चे चारशेच्या वर जातात, म्हणून मोजताना गप्पा नकोत. बाजारात मिळणारा साधा कंपोनंट टेस्टर ०.०१ मिलिहेन्रीच्या पायरीने इंडक्टन्स दाखवतो. ०.३४ ते ०.३६ दिसलं की पुढे चला.

पहिल्यांदाच बनवत असाल तर २० किंवा २५ सें.मी.ची करा. बाकीचे व्यास नंतर.

कोणती तार, आणि ती मिळते कुठे?

शेतीपंपांच्या मोटारी भरणारं रिवायंडिंगचं दुकान इस्लामपूर, विटा, कराड, फलटण, कुठल्याही बाजारपेठेच्या गावात असतंच. तिथे इनॅमलची तार गेजवर आणि वजनावर मिळते. २५ गेज मागा, म्हणजे एसडब्ल्यूजी २५, जाडी ०.५०८ मि.मी. २४ गेज (०.५५९) किंवा २६ गेज (०.४५७) मिळाली तरी अडत नाही. २५ सें.मी.च्या २२ वेढ्यांना सव्वासतरा मीटर तार जाते आणि तिचं वजन जेमतेम ३० ग्रॅम भरतं. शंभर ग्रॅम घेतली तर तीन कॉइलींचा माल होतो. त्याच फेरीत वायंडिंगचा दोरा, फायबर स्लीव्ह आणि थोडं इन्सुलेटिंग वॉर्निश घ्या. तिन्ही पुढे लागणार आहेत.

"पातळ तार घेतली तर कॉइल हलकी होईल ना?" असं हमखास विचारलं जातं. होईल, पण ३० गेजने तीच कॉइल भरली तर रेझिस्टन्स दीड ओहमवरून चारच्या घरात जातो आणि करंटच चढत नाही. उलट १८-२० गेजची जाड तारही नको, कारण त्या तांब्यातच भोवरा-करंट फिरतात आणि सर्किटला कॉइल स्वतःच धातू म्हणून दिसायला लागते.

जुन्या जळक्या मोटारीतून उसवलेली तार वापरू नका. इनॅमल तडकलेलं असतं. मोटारीत ते निभावूनही जाईल, इथे दर पल्सला काही शे व्होल्टचा झटका बसतो आणि एका तडकलेल्या जागी दोन वेढे भिडले की कॉइल गेली.

आणखी एक चांगला पर्याय म्हणजे लॅन केबल. कॅट-५ई केबलमधली एकेरी तार २४ एडब्ल्यूजी (हे अमेरिकन गेज, दुकानातल्या गेजपेक्षा वेगळं), म्हणजे ०.५१ मि.मी.ची असते आणि तिच्यावर पॉलिथिनचं जाडसर कवच असतं. वेढे एकमेकांपासून लांब राहतात, कपॅसिटन्स इनॅमलच्या तारेपेक्षा स्पष्ट कमी येतो. जुडी जाड होत असल्याने इंडक्टन्स थोडा घटतो, म्हणून २५ सें.मी.ला २२ ऐवजी २३ वेढे घ्या. केबल शुद्ध तांब्याचीच हवी. स्वस्त केबलमध्ये वरून तांबं आणि आत ॲल्युमिनियम असतं. टोक ब्लेडने खरवडलं की पांढरं दिसतं.

गुंडाळायची कशी?

प्लायवूडच्या तुकड्यावर हव्या व्यासाचं वर्तुळ आखा आणि त्यावर समान अंतराने १६ खिळे अर्धवट ठोका. प्रत्येक खिळ्यावर स्लीव्हचा तुकडा चढवा, नाहीतर खिळ्याच्या कडेने इनॅमल खरवडतं. सुरुवातीची २० सें.मी. तार बाहेर ठेवून वेढे घाला. ताण सारखा ठेवा, पण ओढूनताणून नको. वेढे एकाशेजारी एक रांगेत बसवायची गरज नाही. जुडी गोल झाली पाहिजे, बस्स.

खिळ्यांवर असतानाच दर तीन-चार सेंटिमीटरला दोऱ्याने गाठ मारा. मग समोरासमोरचे दोन-तीन खिळे उपटा, कॉइल अलगद सुटते. आता वॉर्निश. ब्रशने असं पाजा की ते जुडीच्या आतपर्यंत मुरेल, आणि मार्च-एप्रिलच्या उन्हात दोन दिवस टांगून ठेवा. हा टप्पा आळसाने गाळला जातो आणि नंतर डिटेक्टर गवताला टेकला तरी ओरडतो. कारण जुडीतले सुटे वेढे हलतात, कपॅसिटन्स सूक्ष्मसा बदलतो आणि सर्किट तो बदल सिग्नल समजतं.

टोकांचं इनॅमल सोल्डरिंगच्या उष्णतेने वितळेल असं धरू नका. मोटारीच्या तारेचं इनॅमल चिवट असतं. पॉलिश पेपरने चारी बाजूंनी घासून तांबं उघडं करा, आधी टिन चढवा, मगच जोड द्या.

शिल्ड नक्की कशासाठी? तिने धातू जास्त खोलवरून कळतो का?

नाही. उलट चुकीची शिल्ड शोधाची खोली खाते.

शिल्डचं काम विद्युत क्षेत्र अडवणं. कॉइल ओल्या गवताजवळ, ओल्या काळ्या मातीजवळ किंवा तुमच्या हाताजवळ आली की तिच्यात आणि त्या ओल्या वस्तूत एक नकळत कपॅसिटर तयार होतो. शिल्ड नसेल तर हा कपॅसिटर दर झोक्याला बदलतो आणि आवाज डचमळतो. दुसरं म्हणजे उघडी कॉइल अँटेनाही असते, आणि आजूबाजूच्या तारांतला, एलईडीच्या ड्रायव्हरमधला, मोबाइल चार्जरमधला गोंगाट ती उचलते. सर्किटच्या ग्राउंडला जोडलेलं पातळ वाहक कवच हे दोन्ही थांबवतं.

चुंबकीय क्षेत्र मात्र शिल्ड अडवत नाही आणि अडवताही कामा नये, कारण धातू शोधला जातो तो त्याच क्षेत्राने. त्यामुळे ११ केव्हीच्या लाइनखाली किंवा डीपीशेजारी येणारी ५० हर्ट्झची गुरगुर शिल्ड लावून जाणार नाही. तिथून बाजूला व्हा, नाहीतर सर्किटमध्ये पल्सचा वेग थोडा बदलून बघा. पल्सची वारंवारता ५० च्या पटीपासून सरकली की गुरगुर बरीच निवळते.

शिल्ड कशाची करायची? स्वयंपाकघरातली फॉइल चालते का?

सर्किटच्या डिलेवर अवलंबून आहे. डिले म्हणजे पल्स तुटल्यापासून मोजणी सुरू होईपर्यंतचा वेळ. तो २० मायक्रोसेकंद किंवा जास्त असेल तर घरातली साधी पातळ ॲल्युमिनियम फॉइल चालते. १५ ते २० मि.मी. रुंदीची पट्टी कापून, अर्धी अर्धी चढवत कॉइलभोवती गुंडाळा. डिले १०-१२ पर्यंत खाली आणायचा असेल तर फॉइल नको. तिच्यातले भोवरा-करंट तोवर पुरते मेलेले नसतात.

पैज न लावता कळण्याची सोपी रीत आहे. शिल्ड नसलेली कॉइल जोडा, डिटेक्टर स्थिर करा आणि ज्याची शिल्ड करणार त्या मालाची वीतभर पट्टी कॉइलजवळ न्या. वाजला, तर तो माल त्या डिलेला बाद. पदार्थ बदला किंवा डिले वाढवा.

चिप्सच्या पाकिटाची चंदेरी फिल्म वापरायची कल्पना पुष्कळांना सुचते. धातूचा थर अतिपातळ असल्याने कल्पना वाईट नाही, पण तो थर दोन प्लास्टिकांच्या मध्ये दाबलेला असतो. मल्टिमीटर लावला तर कुठल्याच बाजूने सातत्य मिळत नाही, आणि ज्याला तार जोडता येत नाही ती शिल्ड असून नसल्यासारखी.

आमच्या मते घरगुती कामाला सर्वांत उजवा ग्रॅफाइटचा रंग. भोवरा-करंट फिरायला त्याचा रेझिस्टन्स फार जास्त, आणि स्थिर विद्युत वाहून न्यायला पुरेसा कमी.

ग्रॅफाइटचा रंग घरी कसा करायचा?

बारीक ग्रॅफाइट पावडर फाउंड्रीला माल पुरवणाऱ्या दुकानात मिळते. कोल्हापूरच्या फाउंड्र्या जवळ असल्याने आपल्याकडे ती अवघड नाही. पावडर आणि लाकडावर मारायचं क्लिअर लॅकर समान मापाने घ्या, थिनर घालून आमटीइतकं पातळ करा आणि मारताना सतत ढवळत राहा, कारण ग्रॅफाइट तळाला बसतं. दोन हात द्या, मध्ये पूर्ण वाळू द्या.

वाळल्यावर मल्टिमीटरचे दोन प्रोब दहा सेंटिमीटर अंतरावर टेकवा. काही शे ओहम ते दोनेक किलोओहम आलं तर उत्तम. दहा-वीस किलोओहम दाखवत असेल तर पावडर कमी पडली, तिसरा हात द्या. मेगाओहम दाखवत असेल तर लॅकरने कणांना वेढून टाकलंय. तो थर खरवडून पावडरीचं प्रमाण वाढवा. पेन्सिलीचं शिसं कुटून भागत नाही, त्यात माती मिसळलेली असते. काळा ऑइलपेंट तर अजिबात नाही, काळा दिसतो एवढंच.

थिनरचं काम अंगणात करा. बंद खोलीत डोकं धरतं, आणि जवळ चूल किंवा गॅस पेटता नको.

शिल्ड तारेच्या जुडीवर थेट गुंडाळली तर काय बिघडतं?

इथेच सगळ्यात जास्त कॉइली वाया जातात. जुडीवर एक थर इन्सुलेशन टेप आणि त्यावर लगेच फॉइल असं केलं, तर २५ सें.मी.च्या कॉइलचा आणि शिल्डचा आपसातला कपॅसिटन्स हजार पिकोफॅरडच्या आसपास जातो. मध्ये दीड-दोन मिलिमीटरचं अंतर ठेवलं तर तोच दीडशे-दोनशेवर येतो. कॉइलची दोन्ही टोकं एकत्र करून, कपॅसिटन्सच्या रेंजवर, टोकं आणि शिल्ड यांच्यात मोजलं की हा फरक लगेच दिसतो.

अंतर ठेवायला पॅनल वायरिंगचं स्पायरल रॅप चालतं. त्याहून सोयीची वस्तू ठिबकच्या दुकानात आहे: मायक्रो ट्यूब, आतून ४ आणि बाहेरून ६ मि.मी.ची. ब्लेडने लांबीभर चीर द्या आणि जुडीवर बसवत जा. जुडी साधारण तीन-सव्वातीन मिलिमीटरची असते, छान बसते. चीर बाहेरच्या परिघाकडे ठेवा म्हणजे ती उघडी पडत नाही. वरून एक थर टेप आणि मग शिल्ड. लॅन केबलची जुडी पाच मिलिमीटरच्या वर जाते. तिला ठिबकची १२ मि.मी.ची लॅटरल घ्या आणि आत फोमच्या चकत्या सारून जुडी मधोमध ठेवा.

ठिबकची नळी काळी असते ती कार्बनमुळे, मग तीच शिल्डचं काम करेल का? नाही. उन्हापासून बचावापुरता दोन-अडीच टक्के कार्बन असतो, तेवढ्याने वीज वाहत नाही.

शिल्डमध्ये फट का ठेवायची? किती, आणि कुठे?

फट नसेल तर शिल्ड म्हणजे कॉइलला लगटून बसलेला एक बंद वेढा, ट्रान्सफॉर्मरची शॉर्ट झालेली दुय्यम गुंडाळी. फॉइलच्या बंद कड्यात पल्सची ऊर्जा जिरते आणि डिटेक्टर जवळजवळ बहिरा होतो. एक ते दीड सेंटिमीटर फट पुरते. दोन टोकं एकमेकांवर आणायचीच असली तर मध्ये टेपचे दोन थर हवेत.

फट केबलच्या बरोबर समोरच्या बाजूला ठेवा. ड्रेनची तार, म्हणजे शिल्डला सर्किटच्या ग्राउंडशी जोडणारी तार, केबलपाशी जोडली जाते, त्यामुळे शिल्डचे दोन्ही हात तिथून निघून समोर येऊन थांबतात. ग्रॅफाइटसारख्या रेझिस्टन्सवाल्या शिल्डला हे बरं, दोन्हीकडे निम्मंच अंतर पडतं.

आता एक फसवी जागा. फटीच्या दोन टोकांना मल्टिमीटर लावला की तो वाजणारच, कारण ती टोकं दुसऱ्या बाजूने, पूर्ण वळसा घालून, जोडलेली आहेतच. त्यावरून "शॉर्ट झालं" म्हणून शिल्ड फाडू नका, आणि फट आहे की नाही हेही त्या मापाने ठरवू नका. फट डोळ्यांनी बघायची असते. टेप चढवण्याआधी उजेडात कॉइल फिरवून, फटीत फॉइलचा केस किंवा रंगाचा ओघळ उतरलेला नाही ना, एवढं पाहा.

ड्रेनची तार कशी जोडायची?

ॲल्युमिनियमला साधं सोल्डर लागत नाही. टिन चढवलेली उघडी तार, २४-२६ गेजची, शिल्डवर लांब पिळाने गुंडाळून वरून टेपने दाबायची. सोल्डर फक्त तारेच्या केबलकडच्या टोकाला. ही तारही फटीच्या दोन्ही बाजूंना थांबली पाहिजे. फॉइलला फट ठेवायची आणि तार मात्र गोल पूर्ण न्यायची, हे होतं. ग्रॅफाइटवर पूर्ण वळशाची गरज नाही, केबलपाशी आठ-दहा सेंटिमीटर तार गुंडाळून तिच्यावर रंगाचा आणखी एक हात दिला की झालं.

केबल कुठली?

दोन तारा आणि वर जाळी असलेली, प्रत्येक तार किमान अर्धा चौरस मिलिमीटर, लांबी एक ते सव्वा मीटर. दोन तारा कॉइलला, जाळी एकीकडे शिल्डच्या ड्रेनला आणि दुसरीकडे सर्किटच्या ग्राउंडला. जाळीतून कॉइलचा करंट नेऊ नका.

कोॲक्सियलच वापरायची असेल तर आरजी-५८ चा कपॅसिटन्स मीटरला सुमारे १०० पिकोफॅरड आणि आरजी-५९ चा ६७ च्या आसपास असतो. डिशची केबल कपॅसिटन्सला आणखी बरी, पण तिच्या आतली तार बहुधा तांबं चढवलेलं पोलाद असतं आणि जाळी ॲल्युमिनियमची. ना ती नीट वाकते ना तिला सोल्डर लागतं. मायक्रोफोनची केबल फार बारीक पडते.

डॅम्पिंग रेझिस्टर बदलावा लागतो का?

लागतोच, आणि बऱ्याच "बिघडलेल्या" कॉइली फक्त यामुळे बिघडलेल्या वाटतात. कॉइल आणि तिचा कपॅसिटन्स मिळून झंकारणारं सर्किट बनतं. झंकार बरोबर शमवणारा रेझिस्टर असा काढतात: इंडक्टन्सला कपॅसिटन्सने भागा (हेन्री आणि फॅरडमध्ये), वर्गमूळ घ्या, त्याचं निम्मं करा. ३५० मायक्रोहेन्रीला एकूण कपॅसिटन्स २०० पिकोफॅरड असेल तर सुमारे ६६० ओहम, ४०० असेल तर ४७०, आणि ८०० असेल तर ३३०. किटमध्ये कुणाच्या तरी कॉइलला जुळलेला एकच रेझिस्टर येतो.

२२० ओहमच्या जोडीला एक किलोओहमचा प्रीसेट (फिरवून बदलता येणारा रेझिस्टर) सिरीजमध्ये लावा. ऑसिलोस्कोप असेल तर झटका खाली येताना शून्याच्या खाली डुबकी न मारता सगळ्यात लवकर कुठे शमतो ते पाहा. नसेल तर डिले कमीत कमी ठेवून, पाच रुपयांचं नाणं लाकडी पट्टीवर हळूहळू लांब नेत, कुठल्या जागी सगळ्यात दूरवर ऐकू येतं ते शोधा, आणि प्रीसेट तिथून किंचित कमी ओहमकडे सोडा. मग मोजून तेवढ्याचा पक्का रेझिस्टर बसवा, दोन वॅटचा, मेटल फिल्म किंवा कार्बन. वायरवाउंड नको, तो स्वतःच एक कॉइल असतो.

चालू सर्किटमध्ये कॉइलच्या टोकांना हात लावायचा नाही. बॅटरी १२ व्होल्टची असली तरी टोकांवर ३००-४०० व्होल्ट उठतात.

शिल्ड जमली की नाही हे शेतात जाण्याआधी कसं कळेल?

आधी बॅटरी काढून आणि केबल सर्किटपासून सोडवून शिल्ड आणि कॉइल यांच्यात मल्टिमीटरच्या सर्वांत वरच्या ओहम रेंजवर मापा. काहीही आकडा येता कामा नये. आला तर कुठेतरी इनॅमल सोललंय, आणि मॉस्फेट तापून जाण्याआधी तो तुकडा शोधलेला बरा. मग डिटेक्टर चालू करून कॉइलला हात लावा, तिच्यावर ओला पिळलेला टॉवेल टाका, पाण्याची प्लास्टिक बाटली ठेवा. आवाज जागचा हलला नाही तर शिल्ड पक्की. टॉवेलने हलतो पण हाताने नाही, असं असेल तर शिल्डचा काही भाग ड्रेनपासून तुटलाय.

कॉइलचं घर कशाचं करावं?

फ्लेक्स-बोर्डवाल्यांकडे मिळणारी पीव्हीसी फोम शीट हलकी, पाण्याला न जुमानणारी आणि कानसने कोरता येणारी आहे. १० मि.मी.च्या शीटमध्ये खोबण पाडून कॉइल बसवा, वरून ३ मि.मी.ची चकती चिकटवा. खोबणीत इपॉक्सी ओतायची असेल तर ती पुड्यावरच्या प्रमाणात मिसळून दोन-तीन पातळ थरांत ओता. एकदम ओतली तर ती तापते आणि फोम शीट वाकते. इपॉक्सीने कपॅसिटन्स थोडा वाढतो, म्हणून डॅम्पिंग शेवटी, सगळं वाळल्यावर जुळवा.

दांड्याचा खालचा हात-दीड हात भाग पीव्हीसी पाइपचा हवा. स्क्रू पितळेचाही चालत नाही, तोही वाजतो. कमोडच्या सीटचे प्लास्टिक नट-बोल्ट सॅनिटरीच्या दुकानात सुटे मिळतात, कॉइल दांड्याला धरायला ते अगदी मापाचे. केबल दांड्यावर घट्ट बांधा, लोंबती ठेवली तर प्रत्येक झोक्याला टकटक ऐकू येते.

कॉइल ठोकली की वाजते, उन्हात आवाज सरकतो. काय करावं?

ठोकल्यावर वाजणं म्हणजे आत काहीतरी सुटं आहे: वेढे, फॉइलचा सैल थर किंवा ड्रेनची न दाबलेली तार. बाहेरून टेप मारून हे जात नाही, खोबणीत इपॉक्सी ओतूनच थांबतं. उन्हात सरकणं थोडंफार नैसर्गिक आहे. तांब्याचा रेझिस्टन्स दर अंशाला ०.४ टक्के वाढतो, माणदेशातल्या दुपारी काळी कॉइल ३० अंश जास्त तापली की दीड ओहमचे सुमारे १.७ होतात. घर पांढरं रंगवा आणि काम सुरू करण्याआधी दहा मिनिटं कॉइल उन्हात राहू द्या.

महाबळेश्वर-पाटणच्या जांभ्यावर डिटेक्टर सारखा वाजतो. शिल्ड कमी पडते का?

शिल्डचा संबंध नाही. जांभा लोहाने भरलेला आणि त्याखालचा बेसॉल्ट चुंबकीय खनिजं बाळगणारा. पल्स गेल्यावर ही माती स्वतःच क्षणभर चुंबकत्व सोडत राहते. डिले २०-२५ मायक्रोसेकंदांवर न्या, कॉइल लहान घ्या आणि जमिनीपासून ठरावीक उंचीवर समांतर फिरवा. कृष्णा-वारणेच्या पात्रातल्या काळ्या रेतीच्या पट्ट्यांवरही असंच होतं. नदीकाठच्या ओल्या काळ्या रानात मात्र खरोखर शिल्डचीच परीक्षा असते.

मंगळसूत्र पडलंय. सापडेल का?

वाट्या सापडतील, सर सापडणार नाही असं धरून चला. साखळीतली प्रत्येक कडी वेगळी आणि बारीक, तिच्यात भोवरा-करंट जवळजवळ फिरतच नाहीत. अंगठी किंवा पाटली पूर्ण बंद कडं असल्याने उलट चांगली लागते. १५-२० सें.मी.ची कॉइल, शक्य तितका कमी डिले, आणि पाचट आधी बाजूला सारून जमिनीला टेकवत फिरवणं. नाण्याएवढी वस्तू हवेत जास्तीत जास्त कॉइलच्या व्यासाइतक्या अंतरावरून कळते, सोन्याची बारीक वस्तू त्याच्या निम्म्यावरून.

पीआय डिटेक्टरला लोखंड आणि सोनं एकच. "फक्त सोन्यालाच वाजतो" म्हणून गुप्तधनवाल्यांना विकली जाणारी यंत्रं सरळ फसवणूक आहेत.

किल्ल्यावर वापरला तर?

वापरू नका. १९५८ च्या स्मारक कायद्याखाली संरक्षित वास्तूत परवानगीशिवाय उकरणं गुन्हा आहे, आणि २०१० च्या दुरुस्तीनंतर संरक्षित हद्दीपासून १०० मीटरपर्यंतचा भाग प्रतिबंधित, त्यापुढचे २०० मीटर नियंत्रित आहेत. प्रतापगड तर २०२५ पासून जागतिक वारसा यादीत आहे. स्वतःच्या रानात दहा रुपयांहून जास्त किमतीचं पुरलेलं काही सापडलं, तरी १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. तोफगोळा किंवा बॉम्बसारखं काही दिसलं तर हात न लावता ११२ ला फोन.

हीच कॉइल व्हीएलएफ (अतिकमी वारंवारतेच्या) डिटेक्टरला चालेल?

नाही. तिथे पाठवणारी आणि ऐकणारी अशा दोन कॉइली एकमेकींवर थोड्या चढवून, दुसरीत काही मिलिव्होल्टच उरतील अशा बिंदूवर गोठवाव्या लागतात. शिल्डचे नियम तेच: फट, ग्राउंड, सुटं काही नाही. पण केसभर सरकलं तरी तोल जातो, म्हणून इपॉक्सी वाळेपर्यंत मीटर जोडूनच ठेवायचा.